पावती हातात, पगारात खाडा: दूध संकलनाच्या अ‍ॅपमधल्या बॅकग्राउंड नेटवर्क कामांचं एक प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघाच्या संकलन अ‍ॅपचं आहे. संघ, तालुका आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. तांत्रिक घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. अ‍ॅप दुसऱ्या कंपनीने बनवलं होतं. ते चालवण्याची आणि दुरुस्त करण्याची जबाबदारी नंतर आमच्या छोट्या टीमकडे आली.

## पार्श्वभूमी

गावातल्या संकलन केंद्रावर दूध दोनदा येतं, सकाळी आणि संध्याकाळी. केंद्रचालक सभासदाचा नंबर टाकतो. वजनकाट्यावरून लिटर आणि यंत्रावरून फॅट व एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) येतात, दर निघतो आणि ब्लूटूथ प्रिंटरवर पावती छापली जाते. दर दहा दिवसांनी बिल होतं. गावात त्याला ‘दुधाचा पगार’ म्हणतात. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो आणि त्यावर-खाली पैसे वाढतात किंवा कापले जातात. त्यामुळे एक नोंद हरवली तर एका घराचे त्या वेळचे सगळे पैसे हरवतात.

सगळी केंद्रं अँड्रॉइड फोनवर चालत होती. फोन केंद्रचालकांचे स्वतःचे होते, आणि त्यात जुने, नवे, सगळ्या बनावटीचे होते. बऱ्याच ठिकाणी नेटवर्क गच्चीवर मिळायचं, पण काटा ठेवलेल्या खोलीत मिळायचं नाही.

## अडचण

तक्रारी दोन प्रकारच्या होत्या, आणि वरवर पाहता त्या एकमेकींच्या उलट होत्या. काही सभासदांच्या बिलात खाडा दिसत होता, म्हणजे त्या वेळी दूध घातलंच नाही असं. त्यांच्या खिशात मात्र पावती होती. काहींच्या बिलात एकच नोंद दोनदा, क्वचित तीनदा लागली होती. एका केंद्रचालकाने फोनवर सगळा गुंता एका वाक्यात सांगितला: ‘‘सर, वहीत आहे, पावतीवर आहे, पगारात नाही. आता मी आण्णांना काय सांगू?’’

संघाच्या कार्यालयात समज झाला होता की केंद्रचालक निष्काळजी आहेत. काही ठिकाणी तर संशय त्यांच्या प्रामाणिकपणावरच आला होता. आम्ही हे काम तातडीचं मानलं ते मुख्यतः यामुळे. सॉफ्टवेअरच्या दोषापायी गावातल्या माणसाच्या नावाला बट्टा लागणं आम्हाला मान्य नव्हतं.

## मुळाशी काय होतं

‘जतन करा’ दाबल्यावर पावती लगेच छापली जायची आणि नोंद सर्व्हरला पाठवण्याचं काम असिंकटास्कवर, म्हणजे अँड्रॉइडच्या मागच्या मागे काम करून घेण्याच्या एका जुन्या सोयीवर, सोपवलं जायचं. अँड्रॉइडमध्ये मुख्य थ्रेडवर, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या कामाच्या धाग्यावर, नेटवर्कचं काम करता येत नाही. अँड्रॉइड ३.० पासून तसं केलं तर अ‍ॅप अपवाद फेकून बंद पडतं. म्हणून जुन्या काळी असिंकटास्क हा सगळ्यांचा हाताशी असलेला मार्ग होता. पण त्याचं एक वर्तन अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीच्या टीमच्या ध्यानात आलेलं नव्हतं: त्याच अँड्रॉइड ३.० पासून नुसतं ‘एक्झिक्यूट’ म्हटलं की सगळी असिंकटास्क कामं एकाच रांगेत, एकामागून एक चालतात. ही रांग फोनच्या मेमरीत असते, डिस्कवर कुठेच नसते.

आता केंद्रावर काय होत होतं ते पाहा. प्रत्येक विनंतीला ६० सेकंदांची मुदत होती आणि उत्तर नाही आलं तर कोड तीन वेळा प्रयत्न करायचा. म्हणजे एक नोंद अडकली की रांग तीन मिनिटं खोळंबायची. तेवढ्यात आणखी चार-पाच जण दूध घालून, पावती घेऊन घरी जायचे. त्यांच्या नोंदी मेमरीतल्या रांगेत उभ्याच. स्क्रीनवर गोल फिरत राहिलेलं पाहून चालक अ‍ॅप ‘अडकलं’ समजायचा आणि अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीतून सरकवून बंद करायचा. प्रोसेस, म्हणजे फोनच्या मेमरीत चालू असलेलं अ‍ॅप, संपायची आणि रांगेसकट सगळ्या नोंदी जायच्या. खाडा इथून येत होता.

दुहेरी नोंदींचं मूळही तिथेच होतं. पुष्कळदा विनंती सर्व्हरपर्यंत पोचायची, नोंद व्हायची, पण उत्तर परत येताना नेटवर्क जायचं. फोनच्या लेखी तो प्रयत्न फसला, म्हणून पुन्हा पाठवणी. सर्व्हर प्रत्येक विनंतीला नवा क्रमांक द्यायचा. त्याला ही तीच नोंद आहे हे कळण्याचा काही मार्गच नव्हता.

म्हणजे दोन्ही तक्रारींचं कारण एकच होतं: कोणती नोंद पोचली आणि कोणती नाही, याचं उत्तर व्यवस्थेत कुणापाशीच नव्हतं.

## कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय सगळ्यात स्वस्त होता: मुदत कमी करायची, प्रयत्न वाढवायचे, असिंकटास्कच्या जागी कोरूटिन, म्हणजे तेच काम करण्याची नवी पद्धत, आणायचे. असिंकटास्क २०२० मध्ये, अँड्रॉइड ११ बरोबर, कालबाह्य ठरवलं गेलं आहे, त्यामुळे ते बदलायचं होतंच. पण कोरूटिनही प्रोसेसबरोबरच संपतात. रांगेची जागा बदलली असती, तिचं आयुष्य नाही.

दुसरा, फोरग्राउंड सर्व्हिस: वरच्या पट्टीत कायमची सूचना ठेवून अ‍ॅप जागं ठेवायचं. संघाच्या आयटी विभागाला हा पर्याय आवडला होता, कारण ‘चालू आहे’ हे डोळ्यांना दिसतं. आम्ही तो नाकारला. अँड्रॉइड १२ पासून अ‍ॅप मागे असताना अशी सर्व्हिस सुरू करायला बहुतेक प्रसंगी मनाई आहे, १४ पासून तिचा प्रकार जाहीर करावा लागतो, आणि १५ मध्ये डेटा सिंकच्या प्रकाराला २४ तासांत एकूण ६ तासांची मर्यादा आली. प्रत्येक आवृत्तीत जो दरवाजा आणखी लोटला जातो आहे, त्यावर घर बांधू नये असं आमचं मत पडलं.

तिसरा पर्याय होता सर्व्हरकडून पुश संदेश पाठवून फोनला उठवण्याचा. इथे विचारातच गफलत होती. फोनमध्ये काहीतरी शिल्लक आहे हे सर्व्हरला माहीत नसतं, हीच तर मूळ अडचण. मग उठवायचं कुणाला आणि कधी?

चौथा पर्याय घेतला: आधी फोनच्या डेटाबेसमध्ये नोंद, मग पावती, आणि पाठवणी वर्कमॅनेजरकडे, म्हणजे मागे करायची कामं सांभाळणाऱ्या अँड्रॉइडच्या लायब्ररीकडे. वर्कमॅनेजर कामाची यादी डिस्कवर ठेवतो, त्यामुळे प्रोसेस मेली किंवा फोन बंद होऊन पुन्हा चालू झाला तरी काम विसरलं जात नाही. मात्र तो ‘कधी’ याची हमी देत नाही. सकाळचं संकलन आटोपलं की फोन टेबलाच्या खणात जातो: स्क्रीन बंद, चार्जरला नाही, हलत नाही. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये आलेल्या डोझसाठी, म्हणजे बॅटरी वाचवायला फोनला झोपवणाऱ्या व्यवस्थेसाठी, याहून नेमकी परिस्थिती नाही. अशा फोनमधली कामं मधूनमधून उघडणाऱ्या खिडक्यांपर्यंत लांबणीवर पडतात, आणि फोन जितका जास्त वेळ तसा पडून राहील तितक्या त्या खिडक्या एकमेकींपासून लांब जातात. हे स्वीकारूनच पुढची रचना करायची ठरली.

## निर्णयाचे टप्पे

नोंदीची ओळख कुणी द्यायची? सर्व्हरच्या टीमचं म्हणणं होतं की सभासद, तारीख, वेळ आणि गाय की म्हैस, एवढं जुळलं तर दुसरी नोंद टाकून द्यावी. कागदावर हे बरोबर वाटतं. केंद्रावर अर्धा तास बसलं की चूक दिसते. एकाच सभासद नंबरावर दोन भाऊ वेगवेगळ्या किटल्या घेऊन येतात, दोघांचंही दूध गायीचं. कधी वजनही सारखं भरतं. त्या नियमाने एका भावाचं दूध गेलं असतं. म्हणून ‘जतन करा’ दाबताक्षणी फोननेच एक जगावेगळा क्रमांक, म्हणजे यूयूआयडी, तयार करायचा आणि सर्व्हरच्या टेबलात तो एकमेव असल्याची अट घालायची असं ठरलं. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने चूक दाखवायची नाही, आधीचंच यशाचं उत्तर परत द्यायचं. या क्रमांकाची शेवटची सहा अक्षरं पावतीवरही छापली. पुढे वाद मिटवताना त्या सहा अक्षरांचा जेवढा उपयोग झाला तेवढा आमच्या कुठल्याही डॅशबोर्डचा झाला नाही.

एका नोंदीला एक काम, की सगळ्यांना मिळून एक? पहिल्या मसुद्यात नोंदीचा मजकूरच वर्कमॅनेजरच्या कामासोबत दिला होता. त्या डेटाला सुमारे १० केबीची मर्यादा आहे, पण खरा आक्षेप वेगळा होता: नोंद दोन ठिकाणी राहिली की कोणती खरी हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. म्हणून काम एकच ठेवलं: टेबलात ‘पाठवायची’ अशी खूण असलेल्या नोंदी क्रमाने उचल, गठ्ठ्याने पाठव, आणि प्रत्येक नोंदीचं उत्तर स्वतंत्र घे.

या एका कामाला नाव देताना एक बारीक खाच लागली. ‘आधीचं काम असेल तर नवं टाकू नको’ असं धोरण, म्हणजे कीप, सुरुवातीला लावलं होतं. चाचणीत अधूनमधून एखादी नोंद मागे राहायची. कारण असं निघालं: वर्करने, म्हणजे हे काम करणाऱ्या कोडने, टेबल शेवटचं वाचलं, काही शिल्लक नाही म्हणून तो संपायच्या बेतात होता, नेमक्या त्या क्षणी नवी नोंद टेबलात आली आणि तिने काम मागितलं. वर्कमॅनेजरने पाहिलं, काम तर चालू आहे, म्हणून नवी मागणी सोडून दिली. पुढचा सभासद येईपर्यंत ती नोंद तशीच पडून. सत्रातली शेवटची नोंद असेल तर थेट संध्याकाळपर्यंत. मग अपेंड-ऑर-रिप्लेस हे धोरण घेतलं, म्हणजे नवं काम चालू कामामागे उभं राहतं. शिवाय सगळ्यात कमी मुदतीचं, म्हणजे १५ मिनिटांचं, एक नियतकालिक काम राखणीला ठेवलं.

अपेंडची एक अट ध्यानात ठेवावी लागते. रांगेत पुढे असलेलं काम ‘अपयशी’ ठरलं तर त्याच्या मागे उभी असलेली कामंही अपयशी ठरतात. म्हणून आमचा वर्कर ‘अपयश’ हे उत्तर कधीच देत नाही. तो ‘पुन्हा करतो’ म्हणतो किंवा ‘झालं’ म्हणतो. एखाद्या नोंदीची अडचण त्या नोंदीच्या ओळीत लिहिली जाते.

दुरुस्ती कशी करायची? फॅट चुकीची टाकली तर जुनी नोंद बदलायची नाही. तिचा हवाला देणारी नवी नोंद करायची. प्रत्येक फोनची स्वतःची अनुक्रम संख्याही सुरू केली. ४१ नंतर ४३ आली तर मधली ४२ राहिली हे सर्व्हरला आता आपोआप कळतं. पण शेवटच्या दोन-तीन नोंदीच आल्या नाहीत तर अनुक्रमात खाच दिसत नाही. त्यावर उपाय म्हणजे पुढचा टप्पा.

चालकाला काय दाखवायचं? आमच्यातल्या काहींना वाटत होतं की बॅकग्राउंडचं काम म्हणजे माणसाला त्याची जाणीवही होऊ नये. मी या मताच्या ठाम विरुद्ध होते. ज्या कामावर दुसऱ्याचे पैसे अवलंबून आहेत त्याची स्थिती काट्यावर उभ्या असलेल्या माणसाला दिसलीच पाहिजे. शेवटी ‘सत्र बंद करा’ असं बटण आलं. ते दाबलं की अ‍ॅप उघडं असतानाच, स्क्रीन चालू असतानाच, उरलेल्या नोंदी थेट पाठवल्या जातात. मग फोनवरचे एकूण लिटर आणि सर्व्हरकडचे एकूण लिटर शेजारी-शेजारी दिसतात. जुळले तर हिरवं. नाही जुळले तर ठळक अक्षरांत: ‘३ नोंदी फोनमध्येच आहेत. नेटवर्कमध्ये जाऊन अ‍ॅप उघडा.’

काही बनावटीच्या फोनांत अ‍ॅप यादीतून सरकवलं की ते सक्तीने थांबवल्यासारखं होतं, आणि पुन्हा हाताने उघडेपर्यंत त्याचं एकही काम चालत नाही. तिथे कोडने करण्यासारखं फार काही नसतं. या बटणामुळे तो प्रश्न बराच सुटला, कारण मुख्य पाठवणी आता डोळ्यांसमोर होते. वर्कमॅनेजरकडे फक्त शिल्लक जाते.

## चाचणी आणि वाटप

विमान मोड लावून-काढून केलेली चाचणी इथे अपुरी पडते, कारण खरा त्रास अर्धवट नेटवर्कचा असतो. आम्ही मधे एक प्रॉक्सी बसवली. ती विनंती सर्व्हरपर्यंत पोचू द्यायची आणि उत्तर तोडायची. दुहेरी नोंदीचा दोष जुन्या अ‍ॅपवर पहिल्याच झटक्यात दिसला, नव्यावर एकदाही नाही. एडीबीच्या (संगणकावरून फोनला आदेश देण्याच्या साधनाच्या) आदेशाने फोन बळजबरीने डोझमध्ये घालून पाहिले, आणि पाठवणीच्या मध्येच प्रोसेस मारून पाहिली.

नवी आवृत्ती कधी द्यायची हाही प्रश्न होता. बिलाच्या दहा दिवसांच्या मधेच दिली असती तर एकाच बिलात अर्ध्या नोंदी क्रमांकाच्या, अर्ध्या बिनक्रमांकाच्या झाल्या असत्या. म्हणून प्रत्येक केंद्राला बिलाच्या पहिल्या दिवशी, सकाळच्या संकलनाआधी नवी आवृत्ती दिली. यात वेळ गेला, पण हिशोब तपासणाऱ्यांना प्रत्येक बिल एकाच पद्धतीचं मिळालं.

## काय निष्पन्न झालं

दुहेरी नोंदी पहिल्याच बिलापासून थांबल्या. सर्व्हरवरच्या अटीनंतर त्या होण्याला जागाच उरली नव्हती. खाड्याच्या तक्रारी आल्या त्या पावतीवरच्या सहा अक्षरांवरून तपासता आल्या. नोंद फोनमध्ये आहे की सर्व्हरवर, हे एका फोनकॉलमध्ये कळू लागलं. कार्यालयातला संशयाचा सूर मावळला. चालकांना मी स्वतः फोन करून आधीच्या खाड्यांचं कारण सांगितलं, आणि संघाने जुन्या पावत्या पाहून ते पैसे पुढच्या पगारात घातले.

एक प्रसंग मात्र नवा उभा राहिला. एका केंद्रावर यंत्र बंद होतं, चालकाने फॅट हाताने टाकली आणि ४.५ च्या जागी ४५ पडलं. सर्व्हरने ती नोंद नाकारली, तेही बरोबरच. पण सर्व्हरने एका ओळीसाठी अख्ख्या गठ्ठ्यालाच नकाराचं उत्तर दिलं आणि वर्कर ‘पुन्हा करतो’ म्हणत राहिला. वर्कमॅनेजरची पुन्हा प्रयत्न करण्याआधी थांबण्याची ठरीव मुदत ३० सेकंदांपासून दर वेळी दुप्पट होत जाते आणि ५ तासांवर थांबते. काही तासांत दोन प्रयत्नांमधलं अंतर एवढं वाढलं की मागच्या सगळ्या चांगल्या नोंदीही खोळंबल्या. ‘सत्र बंद करा’ वर लाल अक्षरं आल्यामुळेच हे त्याच सकाळी कळलं.

त्यानंतर नियम स्पष्ट झाला. नेटवर्क नाही किंवा सर्व्हर कोलमडला तर पुन्हा प्रयत्न. सर्व्हरने मजकूर तपासून नाकारलं तर ती ओळ ‘अडकलेली’ म्हणून बाजूला आणि बाकीच्यांना वाट मोकळी. अडकलेली नोंद चालकाला कारणासह दिसते आणि तो दुरुस्तीची नोंद करतो. दुपटीच्या जागी एकेक मिनिटाने वाढणारी मुदत लावली. आमच्याकडे खंड पडतो तो थोड्या वेळाचा, पुष्कळदा. नेटवर्क परत आल्यावर तासन्‌तास वाट पाहण्यात काही अर्थ नव्हता.

## पुन्हा करायचं झालं तर

‘सत्र बंद करा’ हे बटण दुसऱ्या टप्प्यात आलं. ते पहिल्याच आवृत्तीत, वर्कमॅनेजरच्याही आधी यायला हवं होतं. फोनवरचे आणि सर्व्हरवरचे लिटर शेजारी दाखवायला कुठलंही नवं तंत्र लागत नाही, आणि जुन्या अ‍ॅपवरही त्याने पुष्कळ खाडे त्याच दिवशी पकडले असते. चुकीची फॅट फोनवरच अडवायला हवी होती, पावती छापण्याआधी. आता तसं होतं. फोनचं घड्याळ चुकीचं असेल तर नोंद भलत्या दिवसावर पडते, म्हणून सर्व्हर स्वतःची पोचवेळही लिहून ठेवतो आणि मोठी तफावत आली तर कार्यालयाला कळवतो. हे आम्ही बऱ्याच उशिरा घातलं.

न सुटलेला प्रश्न एकच आहे. सत्र बंद व्हायच्या आधी फोन पाण्यात पडला किंवा चोरीला गेला तर न पाठवलेल्या नोंदी त्याच्याबरोबर जातात. एक सूचना अशी आली आहे: दूध न्यायला येणाऱ्या गाडीच्या चालकाच्या फोनवर ब्लूटूथने त्या सत्राची प्रत द्यायची, म्हणजे गाडी संघाच्या चांगल्या नेटवर्कमध्ये पोचली की नोंदीही पोचतील. एकाच नोंदीच्या दोन वाटांनी आलेल्या प्रती यूयूआयडीमुळे सर्व्हर सहज ओळखेल, तो भाग तयार आहे. पण सभासदांचे आकडे तिसऱ्याच्या फोनमध्ये जाणार, म्हणून ते त्याला वाचता येणार नाहीत असे कूटबद्ध करावे लागतील आणि किल्ली फक्त संघाकडे राहील. संघाची संमती आणि गाडीचालकांची तयारी, दोन्ही अजून विचारायची आहेत.